एका बुचाची कुळकथा

घरातल्या वस्तूंची मानाप्रमाणे पंगत मांडायची ठरवली, तर बुचाला अगदी शेवटचे पान मिळेल. बाटली हरवली तर सारे घर शोधत फिरते. बूच हरवले तर चिंधीचा बोळा कोंबून काम भागवले जाते, आणि कोणाला त्याची खंतही वाटत नाही. वास्तविक आपल्या बायकाआजींना झाकण्याचे, बांधण्याचे, कोंडण्याचे शास्त्र उत्तम अवगत होते. लोणच्याच्या बरणीला त्या दादरा बांधीत, परंतु खरी राखण दादरा करीत नसे. फोडी हाताने दाबून, त्यांच्यावर बोटभर तेल उभे केलेले असे, ते राखण करी. हवेला आत बसायला जागाच ठेवायची नाही, एवढेच त्यातले मर्म. हे मर्म पुढे आम्हांला एका अगदी निराळ्या ठिकाणी उपयोगी पडले. त्याची हकीकत वाचकांना सांगावी असे वाटते.

अलीकडे घराघरांत आणि शाळाशाळांत सिलिकॉनची नळी येऊन पोहोचली आहे. मनगटाएवढी जाड, वीतभर लांब अशी ही प्लास्टिकची नळी असते. पुढे आटे पाडलेली मान, मानेवर बसणारी निमुळती तोटी, मागे सरकणारा दट्ट्या. ती लोखंडी 'गन'मध्ये घालायची आणि घोडा दाबायचा. ही गन म्हणजे चकलीच्या सोऱ्याची धाकटी बहीणच. नळीत सुमारे २८० मिलिलिटर लुकण असते, ते तोटीतून दोरीसारखे बाहेर येते आणि खिडकीच्या चौकटीभोवतालची फट, पत्र्यावरच्या खिळ्याचे भोक, काचेची कड असे काय असेल ते बुजवते. सिमेंट उन्हाने तडकते, हे तडकत नाही. चौकट फुगली आकसली तरी रबरासारखे तिच्याबरोबर ताणले जाते. एवढी गुणी वस्तू, पण तिला एक शाप आहे. एकदा तोंड उघडले की ती फार दिवस जगत नाही.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. शाळेतल्या मुलांना आम्ही ते असे सांगतो : फेविकॉलमध्ये पाणी असते. ते उडून गेले की फेविकॉल घट्ट होतो. सिलिकॉनचे नेमके उलटे. ते हवेतले बाष्प शोषून घेते आणि त्यामुळे घट्ट होते. एक पाणी टाकून बसतो, दुसरे पाणी पिऊन बसते. त्यातल्या एका जातीला घट्ट होताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो ॲसेटिक आम्लाचा. आधी वरची साय धरते, मग दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या हिशेबाने आत आत घट्टपणा उतरत जातो. जसजसे खोल जावे तसतसा वेग मंदावतो, कारण बाष्पाला आधी घट्ट झालेल्या थरातून वाट काढावी लागते. दुप्पट खोलीला साधारण चौपट वेळ. म्हणजे या नळीचा वैरी बाहेरची हवा हा नसून हवेतला ओलावा आहे, आणि आमच्या मुलखात जूनपासून ओलाव्याखेरीज दुसरे असते काय?

जाता जाता एक गोष्ट. या संयुगांचा अभ्यास ज्यांनी हयातभर केला ते इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग. त्यांच्या प्रयोगपात्रांत स्वच्छ स्फटिक मिळण्याऐवजी वारंवार चिकट, न सुटणारे गोळे तयार होत, आणि त्यांना त्यांचा कंटाळा येई. १९३७ साली दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी या शाखेच्या भवितव्याविषयी फारशी आशा दाखवली नव्हती. त्यांना नकोसा वाटणारा तो चिकटपणाच पुढे साऱ्या जगाच्या खिडक्या सांधू लागला.

आता आमच्या खिडकीकडे वळू. आमची शाळा खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, कणकुंबीच्या वाटेवर आहे. मलप्रभा नदी उगम पावते तो हा मुलूख, बेळगाव जिल्ह्यातला सर्वांत भिजका. पाऊस इथे पडत नाही, मुक्कामाला येतो. शाळेच्या कार्यालयाच्या पश्चिम भिंतीला एक खिडकी आहे आणि खिडकीशेजारी एक लोखंडी कपाट. कपाट दुसऱ्या भिंतीला हलवा, असे पाहुणे सुचवतात. दुसऱ्या भिंतीला ओल याहून अधिक आहे. त्या कपाटात शाळेची जनरल रजिस्टरे आहेत. त्यांतली जुनी, १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीची, म्हणजे हा भाग मुंबई राज्यात होता तेव्हाची. दौतीच्या शाईने लिहिलेली ती पाने आहेत. पाण्याचा थेंब पडला की अक्षर निळे ढग होऊन पसरते आणि मग कोणाही विद्वानाला ते वाचता येत नाही.

हे कागद जुने झाले म्हणून त्यांची गरज संपली असे कोणी समजू नये. दर वर्षी, विशेषतः जून-जुलैमध्ये, कोणी ना कोणी पुण्याहून, गोव्याहून, मुंबईहून येतो. आजोबांची जन्मतारीख पाहिजे असते, जातीचा पुरावा पाहिजे असतो, आडनाव पूर्वी कसे लिहीत ते पाहिजे असते. नातवाचा प्रवेश, मुलीची शिष्यवृत्ती, भावाची नोकरी त्या एका ओळीवर अडलेली असते. ती ओळ दुसरीकडे कोठेही नसते. असली नोंद वाहून गेली तर त्या माणसाला आम्ही काय उत्तर द्यावे?

दुरुस्तीचा प्रस्ताव रीतीप्रमाणे वर जातो. तो मंजूर होऊन खाली येईपर्यंत मृगाचे आर्द्रा आणि आर्द्राचे पुनर्वसू झालेले असते. तोवर फटी बुजवायच्या त्या शाळेलाच. नळीची किंमत दीडशे-दोनशे रुपयांच्या घरात. किंमत फार नव्हे, पण शाळेच्या किरकोळ खर्चाच्या रकमेत खडू, झाडू, फिनेल आणि विजेचे दिवे हेही बसवायचे असतात. त्याहून मोठी अडचण निराळी आहे. कंत्राटदाराचा गवंडी एका दिवसात चार नळ्या संपवतो, त्याला उरलेल्या नळीची चिंता नसते. नळी करणाराने बहुधा तोच डोळ्यांपुढे ठेवलेला असतो. शाळेची गरज चमचा-चमचाभर असते. पाऊस एकाच दिवशी सगळ्या फटी दाखवीत नाही. आज वारा नैर्ऋत्येचा, तर खिडकीची उजवी कड गळते. चार दिवसांनी तो पश्चिमेचा झाला की पडवीच्या पत्र्यावरचा तिसरा खिळा.

शिवाय हे लुकण ओल्या भिंतीला धरत नाही. जागा पुसून, वाळू देऊन मगच भरावी लागते. श्रावणातल्या एखाद्या दिवशी दोन तासांची उघडीप मिळते, ऊन भिंतीवर येते, हीच काय ती वेळ. त्या दोन तासांत नळी तयार पाहिजे. तोटी उघडून पाहावी आणि आत रबराचा दांडका झालेला असावा, तर खानापूरच्या दुकानातून नवी नळी येईपर्यंत आभाळ पुन्हा भरून आलेले असते.

उघडलेली नळी टिकवण्याचे उपाय तालुक्यात ज्याच्या त्याच्या पोतडीत आहेत. सर्वांत लोकप्रिय म्हणजे तोटीत खिळा ठोकणे. लोखंडी खिळ्याला आंबट जातीच्या लुकणातले आम्ल लागते, तो गंजतो, आणि त्याच्या भोवतालची पोकळी भरत नाही ती नाहीच. कोणी चिकटपट्टी गुंडाळतात. कोणी प्लास्टिकची पिशवी घालून रबर लावतात. कोणी तोटीच्या टोकाशी मुद्दाम बोटभर लुकण बाहेर ठेवतात, ते घट्ट होऊन आपणच आपले बूच होते आणि ओढले की शेपटीसारखे निघते. हा उपाय चारपाच दिवसांपुरता खरोखर चांगला आहे, आणि बिनपैशाचा आहे. आठवडे लोटले की मात्र शेपटी आत आत लांबत जाते. तोटीची भिंतही पातळ असते, तिच्यातून आणि मानेच्या आट्यांमधून थोडा थोडा ओलावा झिरपतच असतो. शेवटी सारी तोटी भरीव होते.

या सर्व उपायांत एक गोष्ट समान आहे. सगळे तोटीच्या टोकाशी झगडतात. आता तोटीचा आकार पाहा : टोकाशी निमुळती, बुडाशी रुंद. टोकातून जे काही आत घालावे ते बुडाशी सैलच राहणार. आणि एवढे करून वाचवायचे काय, तर तोटीतले चमचाभर लुकण. जपायची आहे ती मागची नळी. कुंपणाला कुलूप लावून घराचे दार उघडे टाकण्याचा हा प्रकार आहे. आमचे मत असे झाले, की तोटी आटे फिरवून सरळ काढावी आणि बूच नळीच्या मानेत बसवावे.

हे सातवीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगत असता मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, बूच लावलं की बाहेरची हवा आत जाणार नाही. पण बूच लावताना आत जी राहिली तिचं काय?" प्रश्न लाख मोलाचा होता. आम्ही तिलाच विचारले, की घरी लोणचे घालतात तेव्हा काय करतात? तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आजी फोडी दाबती. मग वरनं तेल वततीय." उत्तर तिनेच दिले होते. नळीच्या तोंडावर नुसते झाकण नको. आत शिरून जागा व्यापणारे, हवेला बसायला ठिकाण न ठेवणारे बूच पाहिजे.

आमचा एक जुना विद्यार्थी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. रविवारी गावी आला तेव्हा त्याच्यापुढे नळी आणि आकृती दोन्ही ठेवली. त्याने मानेच्या भोकात करंगळी घालून पाहिली. म्हणाला, "गुरुजी, ह्याला टोपण करू नका. आटे हर कंपनीचे वेगळे. एकाला बसलं तर दुसऱ्याला बसायचं न्हाई. ह्याला टेपर पाहिजे बघा." मोठ्या ड्रिलची शेपटी यंत्राच्या भोकात कशी नुसत्या उतारावर घट्ट बसते, ते त्याने समजावून सांगितले. तंबोऱ्याची खुंटी हेच करते. तिला ना आटा ना खिळा. आत रेटून किंचित पिळले की ती तारेचा सारा ताण पेलते. खुंटा हलवून बळकट करण्याची म्हण सहसा आपण वादविवादाच्या संदर्भात वापरतो. इथे ती शब्दशः खरी होती.

"कारखान्यात आम्ही वीसास एक धरतो," तो म्हणाला, "म्हंजे वीस मिलिमीटर लांबीला एक मिलिमीटर उतार. पण गुरुजी, नळीचं तोंड ज्यो त्यो आपल्या मनानं कापतोय. कुणाचं बारीक, कुणाचं मोठं. दहास एक धरूया की." तसेच ठरले. दांडा चाळीस मिलिमीटर लांब, टोकाशी आठ मिलिमीटर जाड, वरच्या बाजूला बारा. तोंड बारीक असले तर बूच थोडे बाहेर राहील, मोठे असले तर अधिक आत जाईल, पण बसेल सर्वांना.

मग प्रश्न आला तो कशाचे करायचे याचा, आणि या प्रश्नात आम्ही दोघे चांगले पंधरा दिवस रमलो. गावच्या सुताराने सागवानाचे एक करून दिले. दिसायला देखणे, पण लाकडाच्या रंध्रांत लुकण शिरून घट्ट पकड घेते, आणि पावसाळ्यात लाकूड स्वतःच ओलावा बाळगून असते. वैऱ्यालाच पहारेकरी नेमण्यासारखे ते झाले. पितळ आम्लाने हिरवे पडते. नायलॉन मजबूत असते, परंतु तेही थोडे पाणी शोषते. टेफ्लॉनला काहीच चिकटत नाही, पण त्याचा भाव ऐकून आम्ही तो विषय तिथेच मिटवला. शेवटी पॉलिथिनचा कठीण गज पसंत पडला. नळी ज्या जातीच्या प्लास्टिकची असते त्याच कुळीचा हा. सिलिकॉन त्याला घट्ट धरत नाही, आणि त्यातून ओलावा अगदी थोडाच जातो. भंगारात पडलेले हातभर तुकडे पाच बुचांना पुरले.

पहिल्या नमुन्याच्या वेळी दिसून आले, की बूच दाबताना आतली हवा कोंडून राहते आणि बूच हळूच परत वर येते. तेव्हा विद्यार्थ्याने दांड्याच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत नखाएवढी उथळ खाच पाडली. आता बूच आत रेटले की आधी हवा फुसकन त्या खाचेतून बाहेर पडते आणि पाठोपाठ शेवईसारखा लुकणाचा एक दोरा वर येतो. तो दोरा तसाच राहू द्यायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत तो घट्ट होतो आणि खाच आपोआप बंद होते. वर दोन बोटांत धरून पिळता येईल अशी आडवी मूठ ठेवली. उघडताना आधी पिळायचे, मग ओढायचे. भोवतालचा पातळ पापुद्रा बुचाबरोबर मोज्यासारखा उतरून येतो, आणि खाली लुकण लोण्यासारखे ताजे असते.

लावण्यापूर्वी एक पथ्य मात्र पाळावे लागते. गनचा मागचा खटका दाबून दांडी मागे ओढून घ्यावी. दट्ट्यावरचा दाब तसाच राहिला तर कितीही घट्ट बूच असो, आतले लुकण त्याला बाहेर लोटणारच.

राहिली तोटी. तिला काहीही न करता खिडकीत ठेवून द्यावी. कालांतराने आतले सारे घट्ट होते. मग रुंद बाजूने त्यात लाकडाचा एक स्क्रू फिरवून पकडीने ओढावे. अख्खे गाजर उपटावे तसे निघते, कारण शंकूच्या आत बसलेली वस्तू रुंद बाजूने सोडवायला अडचण नसते. एक तोटी वाळत असता दुसरी वापरावी. दोन तोट्यांवर पावसाळा निघतो.

या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात उघडलेली नळी आम्ही नोंदवहीत तारखा टिपून वापरली. गौरीगणपतीपर्यंत ती अकरा वेळा उघडली आणि अकराही वेळा चालली. शेवटी संपली ती रिकामी होऊन. खिडकीला आम्ही आंबट वास नसलेली जात वापरतो, कारण चुन्या-सिमेंटच्या भिंतीला आम्ल मानवत नाही. काचांना दुसरी. दोन्हींना तेच बूच लागू पडले. एक मर्यादा सांगितली पाहिजे. नळीवर मुदतीची तारीख छापलेली असते, आणि न उघडलेली नळीही त्या तारखेनंतर भरवशाची राहत नाही. बूच आयुष्य वाढवत नाही, अकाली मरण टाळते इतकेच.

ऑगस्टमध्ये वास्कोहून एक गृहस्थ आले. आजोबांचे नाव आणि अंदाजे साल एवढेच त्यांना ठाऊक होते. रजिस्टर काढले. १९४८ सालच्या पानावर तिसऱ्या ओळीत नाव सापडले, जन्मतारखेसह, आणि पान कोरडे होते. त्यांनी मोबाइलवर छायाचित्र घेतले, मग बराच वेळ ते अक्षराकडे नुसते पाहत बसले. बाहेर धो धो चालू होते. त्यांना खिडकीविषयी किंवा बुचाविषयी सांगण्याचे काही कारण नव्हते. दाखला लिहून, शिक्का मारून दिला.

पाच बुचांपैकी दोन शाळेत आहेत. सुतळीत ओवून कपाटाच्या कडीला टांगली आहेत, कारण सुटे बूच आमच्या शाळेत एक दिवस टिकणार नाही, मुले त्याचा भोवरा करतील. एक शेजारच्या गावच्या शाळेला दिले. एक गावच्या सुताराने मागून घेतले, सागवानाच्या बदल्यात. मजुरी किती द्यायची म्हणून विद्यार्थ्याला विचारले, तर त्याने पिशवीतून पाचवे बूच काढून दाखवले आणि म्हणाला, "चारांचं काय ते द्या गुरुजी. हे माझ्या न्हाणीच्या खिडकीला लागतंय, घरातनं दोन वर्षं बोलणी खातोय मी."